विभागाचं बरं चाललंय

महिन्याच्या शेवटी संचालकांना एक पान लागतं :
अभ्यासक्रम विभागात कोण आलं, कोण गेलं, काय कुठवर आलं.
ते पान मी लिहिते. सात वर्षं झाली, सोहारमध्ये,
मासळीबाजारामागच्या दुमजली निसर्गोपचार शाळेत,
जिथे एसीच्या ठिबकत्या पाण्याखाली कुणीतरी पुदिना खोचला
आणि तो आमच्या औषधी बागेपेक्षा जास्त तरारलाय.
(हे पानावर लिहीत नाही.)

आलं कोण : इल्हाम. सुदानची.
ओम्दुर्मानला औषधनिर्माण शिकवायची.
पहिल्याच दिवशी बाभळीच्या शेंगांचा धडा तिनं मागून घेतला,
शेंग नाकाशी धरली, म्हणाली, सर्दीला आम्ही याची धुरी घ्यायचो,
आणि बराच वेळ खिडकीतून
बंदराकडे जाणारे ट्रक बघत राहिली.

प्रकल्प : पाठ अकरावा, सिद्र.
सफाईवाल्या थुरय्यानं सांगितलं तेवढं कुठल्याच संदर्भग्रंथात नव्हतं :
पाल्यानं केस धुतात, आणि शेवटी
माणूसही त्याच पाल्याच्या पाण्यानं धुतात.
तिनं फांदी टेबलावर ठेवली, मला काटा टोचला
तेव्हा ओळख पटली.
अगं, ही तर बोर!
शाळेच्या फाटकापाशी मीठ लावून चार आण्याला मिळायची,
तिला इथे इतका मान.

मग मंत्रालयाचं पत्र आलं :
अमुक वनस्पती तमुक रोग बरा करते
असं कुठेही छापू नये.
रास्तच आहे. मीही पाठिंबा दिला.
शोधलं तर तो शब्द चारशे बारा ठिकाणी.
पुस्तकं अरबी-इंग्रजीत, पण मी मनातल्या मनात
मराठीतच खोडत गेले,
बरा, बरी, बरं,
तीन दिवस, तीन लिंगांत.
त्या जागी : उपयुक्त ठरू शकतो. आराम पडू शकतो.
शकतो, शकतो, शकतो. डोळे चुरचुरले.
घरी फोनवर आईला म्हणाले, बरं, ठेवते,
आणि चोरी पकडल्यासारखी दचकले.

गेलं कोण : हा रकाना कोरा सोडलाय.
सेल्वरत्नम, आमचे चित्रकार, मट्टक्कळप्पूचे,
ज्यांच्या पानांच्या शिरा विद्यार्थी भिंगातून मोजतात,
आठवड्यातून तीनदा डायलिसिसला असतात.
गुरुवारी सुधारित पानं घेऊन गेले.
मशीन घुरघुरत होतं. डावा हात बांधलेला,
उजव्यानं त्यांनी पानं चाळली.
माझ्या शेवग्याखाली आता काय लिहिलंय?
वाचून दाखवलं : उपयुक्त ठरू शकतो.
इतके हसले की नर्स धावत आली.

निघताना मला काहीतरी म्हणायचं होतं.
जे म्हणतात ते. सगळेच म्हणतात ते.
ओठांपर्यंत आलं, आणि मंत्रालयाचं पत्र आठवलं,
त्यांचा क्रिएटिनिनचा आकडा आठवला,
पिशवीचा बंद उगाच दोनदा आवळला.

सात वर्षं शेजारच्या टेबलावरून
माझे आईशी चाललेले फोन ऐकून
त्यांना मराठीतला एकच शब्द येतो.
तोच म्हणाले,
हात न हलवता, मान थोडी वळवून :
बरं.

चित्रकार रजेवर, असं लिहिलंय.
पाठ अकरावा छपाईला गेला.
बोरीचं चित्र अजून पेन्सिलीत आहे, काटे बाकी आहेत.