अकरा मिनिटं

रेकॉर्डिंगला बसताना बांगड्या काढून ठेवायचे.
पंखा बंद. कागदांची टाचणी आधीच काढलेली,
पानं उलटायची नाहीत, सरकवायची,
झोपलेल्या मुलाच्या अंगाखालून दुपटं ओढावं तशी.
काचेपलीकडे मोकाशी बोट वर करायचे,
लाल दिवा लागायचा,
आणि शिवाजीनगरच्या त्या भोकाभोकांच्या भिंतींना
मी सांगायचे, "श्रोतेहो, ऐका."

चौदा मिनिटं. त्याहून एक श्वास जास्त नाही.
पुढे बाजारभाव असायचे,
मार्केट यार्डातला कांदा कुणासाठी थांबत नाही.

दिवसा मी बँकेत होते, चेकवरची सही
जुळते का पाहायची, एवढंच काम.
गुरुवारी मात्र परक्यांची माणसं माझ्या तोंडून बोलायची,
कंडक्टर, सावत्र सासरे, मरायला टेकलेली मावशी,
आणि 'श'वर शिट्टी वाजू नये म्हणून
जीभ आवरून धरत मी त्यांची दुःखं सांगायचे.

एकदा मुंढव्याहून कार्ड आलं.
ज्ञानोबा खळदकर, लेथवर कामाला.
"बाई, रेडिओचे सेल जुने झालेत.
दिवसभर पत्र्यावर वाळत घालतो, कुरडया घालाव्या तसे.
तेवढ्यावर अकरा मिनिटं चालतो. मोजलीत.
म्हणजे तुमच्या सगळ्या कथा
मी अकरा मिनिटंच ऐकल्यात.
पुढचं आमच्या मंडळींना मीच रचून सांगतो.
ती म्हणते, बाई असं कुठं म्हणाल्या.
बाकीच्यांचं राहू द्या.
पण ती शिवणकाम करणारी अनसूया,
जिच्या नवऱ्याची पेटी पोस्टानं परत आली,
तिनं ती उघडली का?
तेवढं कळवावं."

मला आठवेना.
वाचली तर मीच होती.
टेप शोधली, तर तिच्यावर
उसाच्या खोडकिडीची माहिती भरलेली.
लेखकाला विचारलं, त्यांनी तीन पानी उत्तर धाडलं,
सगळं त्यांच्या येणाऱ्या संग्रहाबद्दल.

तेव्हापासून वाचताना घड्याळाकडे लक्ष जायचं.
अकरावं मिनिट जवळ आलं की आवाज घाई करायचा,
शेवट अलीकडे ओढून आणावासा वाटायचा,
कुणी पानावरून उठायच्या आत भात वाढावा तसा.
मोकाशी काचेतून हात हलवायचे, सावकाश, सावकाश.
त्यांना काय ठाऊक,
माझ्यासमोर एक पत्रा होता
आणि त्यावर चार सेल.

शेवटी खळदकरांना लिहिलं,
मला माहीत नाही. मंडळींना तुम्ही काय सांगितलंत?
सेलचे पैसे पाठवावेत असं मनात आलं होतं.
पाठवले नाहीत.
का, ते अजून नीट सांगता येत नाही.

उत्तर आलं. बारीक अक्षर,
जागा संपली म्हणून पत्त्याच्या बाजूला गेलेलं.
अनसूया पेटी खाटेखाली ढकलते.
मशीनला तेल घालते, शेजारणीचा झंपर पुरा करते,
काजं, बटणं, सगळं.
रात्री कंदील घेऊन खाली वाकते
आणि
तिथं पोस्टाचा शिक्का. गोल, काळा,
मुंढव्याच्या कुणीतरी जीव लावून मारलेला.

मोकाशींनी भिंग आणलं. म्हणाले, "उघडली" आहे.
ड्यूटीरूममधल्या आगाशेबाई म्हणाल्या, "उचलली."
मला कधी कधी "उगाच" असं दिसतं.

पुन्हा विचारायला हवं होतं.
पण मार्चअखेर आली, मग बदली,
मग गुरुवारी दुसऱ्या कुणाचा आवाज.

कार्ड अजून आहे, बँकेच्या जुन्या पासबुकात.
दुपारी घरात कुणी नसलं की मोठ्यानं वाचते,
पंखा बंद करून.
शिक्क्यापर्यंत येते, थांबते,
कुणीतरी बोट वर करील म्हणून.
मग उठते, बांगड्या कुठं ठेवल्या ते शोधत.