पोटभाडेकरू

दसऱ्याला त्याला झेंडू वाहिला,
तिसऱ्या दिवशी तो गेला.
भोसरीत टी ब्लॉकच्या मागे, स्प्रिंगांच्या कारखान्यात,
कोपऱ्यातला पिवळा पडलेला संगणक.

मागे उरला खळदकरांचा प्रोग्राम.
तारेची जाडी सांगा, वेढे सांगा, भार सांगा,
तो सांगतो कितव्या दाबाला स्प्रिंग तुटेल.
ब्याण्णव साली लिहिलेला, एका फ्लॉपीवर वाचलेला.
सोर्स कोड कुणाकडेच नाही.

बाणेरचं ऑफिस म्हणालं, नवं यंत्र मिळणार नाही,
आता सगळं वर असतं.
"खळदकरही वरच आहेत," फोरमन फुगे म्हणाले,
"बघा मॅडम, भेटले तर."

मग मला वरचं एक यंत्र दिलं,
जे हात लावावा असं कुठेच नाही.
त्याच्या सेटिंगमध्ये एक खूण करावी लागते:
तुझ्या पोटात आणखी कुणी राहील, चालेल?
पुण्यात तीन घरं बदलली मी,
पोटभाडेकरू ठेवणार नाही
असं तिन्ही करारांवर सही करून दिलं.
हे मात्र एका टिचकीत हो म्हणालं.

तर त्याच्या आत दुसरं. मेमरी बेताचीच दिली,
जुन्यांना ताट भरून वाढलं की बिचकतात.
आणि दुसऱ्याच्या आत ती काळी खिडकी,
लुकलुकणारी एक रेघ.
प्रत्येकाला वाटतं आपल्या पायाखाली लोखंड आहे.
मीही काही बोलले नाही.
की दाबल्यावर अक्षर उमटायला
आवंढा गिळण्याइतका वेळ लागतो, एवढंच.

आकडा आला.
फुग्यांनी तेलकट वहीशी ताडला. "हाच."

बुधवारी रात्री आठला
सगळ्यांना होते तसे गोठवून मी घरी गेले.
गुरुवारी एमआयडीसीला सुट्टी.
शुक्रवारी सकाळी आठला उठवलं,
तर आत अजून बुधवारची रात्र.
माझ्या लक्षात आलं नाही.
दुपारी बाराचा भोंगा झाला, पोरांनी डबे सोडले,
आणि आतल्याच्या आत गुरुवार लागला.

इंग्रजी अक्षरांत मराठी उमटलं:
आज गुरुवार. हिशोब उद्या.

फुगे आधी गप्प. मग हसायला लागले, पोट धरून.
जुने मालक सुट्टीलाही पोरांना बोलवायचे.
खळदकर उलट बोलणारे नव्हते.
"मशीनला विचारा साहेब," एवढंच म्हणायचे,
आणि मशीन नाही म्हणायचं.
"आम्हाला वाटायचं, व्हायरस आहे."

आतलं घड्याळ बाहेरच्याशी जुळवायला
एक ओळ पुरते. ती मी लिहिली.
ती गुरुवारची अट कुठे दडली आहे
तेही शोधता आलं असतं, दोन दिवस लागले असते.

बाणेरला रिपोर्ट पाठवला:
सिस्टिम पूर्ववत. दर गुरुवारी उपलब्ध नसेल.
कारणाच्या रकान्यात लिहिलं, तांत्रिक.