अर्थिंग

मे महिना, मनीषनगर. रात्रीचे साडेदहा,
तरी भिंतीला हात लावता येत नाही.
पंधरा अँपिअरच्या सॉकेटात मी प्लग खोचते.
चार्जरच्या डब्यावर लाल दिवा.
तीनदा लुकलुकतो, थांबतो. परत तीनदा.

गाडीला दोन पोटं आहेत.
एक पेट्रोलचं. दुसरं मागच्या सीटखाली, लिथियमचं,
जेमतेम बेचाळीस किलोमीटरचं,
बुटीबोरीहून येताना खापरीपाशी संपणारं.
मग इंजिन खाकरतं,
झोपलेलं मोठं माणूस उठावं तसं,
आणि आम्ही उरलेली वाट त्याच्या धाकात येतो.

शेषराव निमजे आले, कानावर टेस्टर.
न्यूट्रल पाहिला, अर्थ पाहिला.
"मॅडम, गाडीले काही नाही झालं.
जमीन वाळली ना तुमची."

मीटरखाली पत्र्याचं झाकण, त्याखाली खड्डा,
मीठ, कोळसा, तांब्याची पट्टी.
ठणठणीत कोरडं सगळं.
कूलरच्या टाकीतल्या दोन बादल्या मी ओतल्या.
माती चुरचुरली, चहात टोस्ट बुडवल्यासारखी.

हिरवा.

आता भिंतीतून मागंपुढं धावत आलेली वीज
गाडी आतल्या आत सरळ करून घेते,
एकेका सेलला विचारत, वाटून देत.
तेही तापलेत दिवसभराचे.
छोटा पंखा फिरतो. सावकाश पिते ती.

"पाऊस येईस्तोवर टाकत जा पाणी," म्हणत
निमजे दीडशे रुपये मोजून घेतात.

आत कूलर कोरडाच घरघरतोय.
हेमराज विचारतो, टाकीतलं पाणी कुठं गेलं?
बुटीबोरीला, म्हणते मी.