पाणी सोडणे

विसेलिया. जिल्हा कोर्टाचं तळघर.
वर रस्त्यावर उन्हाने डांबर मऊ पडलंय,
इथे पंख्याची घरघर आणि
पाटबंधारे जिल्ह्याचं दप्तर, अठराशे त्र्याण्णव.

माझं काम एवढंच: कागद उलगडायचा,
काचेवर पालथा घालायचा, बटण दाबायचं. पुढचा.
वाचायचे पैसे मिळत नाहीत.

तरी वाचलं.
ऑर्फा टिडवेल, विधवा, चाळीस एकर जर्दाळू,
विहीर स्वतःची, पवनचक्कीही.
इतरांनी मतं टाकून जिल्हा आखला,
हद्दीची रेघ तिच्या कोंबड्यांच्या खुराड्यापलीकडून गेली
आणि आकारणी आली: एकशे बारा डॉलर,
अजून न खणलेल्या कालव्याची.

वकील: पाण्याने जमिनीचा भाव वाढेल, मान्य?
साक्षीदार: कुठल्या पाण्याने?
इथे लघुलेखकाने लिहिलंय, हशा.
वकील नकाशा पसरतो. निळी रेघ.
ती तिच्यावर बोट फिरवून बघते.
म्हणते, कोरडी आहे.

मी तिच्या बाजूचा होऊन बसलो होतो
तेवढ्यात एमिल लिंडक्विस्टची साक्ष आली.
नदी वरच्या अंगाला गुरांच्या कंपनीने अडवलीय, साहेब.
आम्ही अकरा घरं बादलीने झाडं जगवतो.
बाईंकडे विहीर आहे.
आमच्याकडे मत होतं, तेवढं आम्ही टाकलं.

यावर उलटतपासणी नाही.
पुढचं पान उंदराने खाल्लंय.

निकाल जिल्ह्याच्या बाजूने. सार्वजनिक हित, सहा वेळा.
लिलाव कोर्टाच्या पायरीवर, सकाळी दहाला.
शेवटचा कागद तिच्या सहीचा:
हक्क, मालकी, विहीर, वहिवाट,
सगळं सोडल्याची इंग्रजी चार ओळींत.
मराठीत दोन शब्द पुरले असते.
बाईने पाणी सोडलं.
आलंच नव्हतं, ते.

कालवा नंतर झाला. मी रोज त्याच्यावरून गाडी नेतो,
जाळीच्या कुंपणाआड हिरवट, संथ,
दोन्ही काठांना संत्री. लिंडक्विस्ट खोटं बोलला नव्हता.

कागद उलटला तर मागे पेन्सिलने वजाबाकी,
एकशे बारातून सुकवलेल्या जर्दाळूचे चौऱ्याहत्तर.
उत्तर अठ्ठेचाळीस.
दहा डॉलर चुकली आहे, स्वतःच्याच विरुद्ध.

कोऱ्या बाजू घ्यायच्या नाहीत अशी सूचना आहे.
ही कोरी नाही, असं मी नोंदवहीत लिहितो.