शिरोरेषा

आधी कानामागचा ब्रश काढा, मी म्हटलं.
ते हसले. राहिलाच, चाळीस वर्षं तिथेच असतो.
पट्टा, किल्ल्या, गळ्यातला ताईत, दातांची कवळी
सगळं ट्रेमध्ये, आणि वर तो, खारीच्या केसांचा.
उद्धव शितोळे, वय एकसष्ट, दांडिया बाजार, बडोदे.
धंदा : पाट्या रंगवणे.
तक्रार : उजवा अंगठा ऐकत नाही.

नळीत सरकवून कानात सांगितलं,
अंगठा एकेका बोटाला टेकवा. थांबा. पुन्हा.
वीस सेकंद हात, वीस सेकंद काहीच नाही.
मकरपुऱ्यातल्या शेडसारखी यंत्राची ठोकाठोक,
काचेअलीकडे मी मोजत बसलेली,
आणि पडद्यावर, मेंदूच्या डाव्या घडीच्या काठाशी
एक पिवळा ठिपका पेटला, विझला, पेटला.
गाठ त्याच्यापासून तांदळाच्या दाण्याइतकी दूर.

मग मांकड डॉक्टरांनी त्यांना तंतूंचं चित्र दाखवलं.
हे रंग कुणी ठरवले? त्यांनी पहिलं हेच विचारलं.
ठरलेले असतात. डावीकडून उजवीकडे लाल,
पुढून मागे हिरवा, वरून खाली निळा.
हाताला सुटलेला हुकूम निळ्यातून उतरतो.
ते खुर्ची ओढून अगदी जवळ बसले.
निळा वाकलाय, म्हणाले. तुटला नाहीये.
मध्ये खिळा आला की आम्हीपण अक्षर असंच वळवून घेतो.
बायकोनं पडद्याकडे पाहिलंच नाही.
ती विचारत होती, केस सगळेच काढणार का.

ऑपरेशनच्या दिवशी माझी सुट्टी होती.
नंतर कागदावर वाचलं : गाठ काढली,
निळ्याला लागून हरभऱ्याएवढी मुद्दाम ठेवली.
मुद्दाम.
तो शब्द मी परत मागे जाऊन वाचला.

तीन महिन्यांनी आले. गाल बसलेले, डोक्याला लोकरी टोपी,
एप्रिलात.
काखेत आमच्या दारासाठी पाटी, कुणी न मागता :
लोखंड आत आणू नये. वर गुजराती, खाली मराठी.
गुजराती झकास. त्या अक्षरांच्या डोक्यावर रेघ नसते.
मराठीत काने ताठ, उकार गोल,
फक्त शिरोरेषा, ती लाल दिशेची रेघ,
'लोखंड'वरून नीट जाते, 'आणू'पाशी किंचित बसते,
मग सावरते.
पट्टी लावता आली असती, असं मी म्हटलं नाही. तेच म्हणाले.
नाही लावली. पुढच्या खेपेला ताडून बघायला बरं.

आज हरभरा तेवढाच आहे.
रिपोर्ट उद्या, डॉक्टरांच्या सहीनं.
मला काही बोलायची परवानगी नाही.
ते नळीतून बाहेर आले, माझ्या तोंडाकडे बघत राहिले,
मी ट्रे पुढे केला.
पट्टा, किल्ल्या, ताईत, कवळी.
ब्रश त्यांनी शेवटी उचलला, उजव्या हातानं.
कान सापडायला थोडा वेळ लागला.