गुरुवारी दालन राखीव आहे

मेणबत्ती चालणार नाही. बॅटरीवरची चालेल,
ती हल्ली थरथरतेसुद्धा, अगदी खऱ्यासारखी.
तांबडी वाइन फक्त या फळीपर्यंत;
पलीकडचं ओक सहाशे वर्षांचं आहे
आणि डाग विसरत नाही.
टोकदार टाचांसाठी दारात प्लास्टिकच्या टोप्या ठेवतो.
बायका हसतात, मग घालतात.

एवढं सांगून मी, हेस्टर ओल्डरॉइड,
कमरेच्या चाव्या वाजू न देता
विमा कंपनीच्या मुलीला वरचे वासे दाखवते.
ती मान वर करत नाही. टेपने मापते:
गोल टेबलं बारा, पडदा इथे, साहेब तिथे.
"आणि त्या दिवशी दुसरं कुणी नसेल ना आत?"
कुणी म्हणजे कुणीही नाही, मी म्हणते.
दिवस तुमचा, रात्र तुमची,
साडेअकरानंतरचा तास दीडपट.

हे विणकरांनी बांधलं, वर्गणी काढून.
घर फिरलं की वासे फिरतात म्हणतात,
इथले भाडं सुरू झाल्यावरही जागेवर आहेत.
त्यांच्या हिशेबाच्या वहीत एक ओळ आहे:
दाराबाहेर उभे होते त्यांना रस्सा, चार पेनी.
वही काचेखाली असते.
पार्टीच्या दिवशी काचेवर चादर टाकतो,
कोट ठेवायला बरं पडतं.

एनॉक मिज्ली मात्र दर गुरुवारी येतो.
गिरणीत चाळीस वर्षं, कान तिथेच राहिले.
दक्षिणेच्या खिडकीखाली बसून डबा उघडतो,
बीटरूटचं सँडविच.
पाटी त्याने वाचली असणार.
न वाचल्याचं नाटक त्याला छान जमतं.

त्या गुरुवारी तो स्वयंपाकघराच्या दाराने आला,
लग्नातला कोट घालून.
मी सरळ त्याच्याकडे पाहिलं
आणि चाव्या मोजायला लागले.
कुणीतरी त्याच्या छातीवर बिल्ला लावला:
कॉलिन पेव्हरिल, विभागीय व्यवस्थापक, उत्तर.
(खरा कॉलिन बर्फात अडकला होता म्हणे, लीड्सच्या अलीकडे.)
एनॉक सॅमन जेवला. भाषणांना टाळ्या वाजवल्या,
सगळ्यांच्या मागून, कारण बघून वाजवत होता.
मग दिवे मंद झाले. वर्षातले सर्वांत कमी दावे,
उत्तर विभाग, कॉलिन!
शेजारच्याने कोपर ढोसलं. तो उठला,
काचेचा जड चषक काखेत धरला,
माइकपाशी गेला आणि वर पाहिलं.
शंभर माना मागोमाग वर.
"तो चौथा वासा," तो म्हणाला, "वाकडा आहे.
मुद्दाम नाही. झाडच तसं होतं."
आणि बसला. टाळ्या थांबेनात.

बिल गेलं, पैसे आले. तक्रार नाही.
मोडतोड: एक बशी.

पुढच्या गुरुवारी दार उघडलं,
थोड्या वेळाने खिडकीखाली कॉलिन पेव्हरिल बसलेले,
बिल्ला जरा तिरका, सँडविच कागदात.
साहेब, मी म्हटलं, आज दालन सगळ्यांना खुलं आहे,
चालेल ना तुम्हाला?
त्याला ऐकू आलं नाही.
किंवा आलं.
बाकावर जरासा सरकला तो.