एकास बारा

शीतलामाता बाजारात दुकानदार विचारतो,
"कितने नंबर के ठाकुरजी हैं, अंकल?"
मी म्हणतो, ठाकुरजी नाहीत.
मग तो मला नीट न्याहाळतो:
एकसष्टीचा गृहस्थ, हातात फूटपट्टी.
समजुतीनं म्हणतो, "पोती के लिए?"
नातही नाही.

काचेमागे देवाचा सगळा संसार मांडलेला.
बोटभर पलंग, मच्छरदाणी,
निळा कूलर, त्यात पाणीसुद्धा भरता येतं म्हणे,
आणि थंडीचे स्वेटर, शून्य नंबरापासून सहापर्यंत.
मला फक्त स्टुलं हवीत.
आठ. सारखी. दीड इंच उंच.
बिनगोंड्याची, बिनगादीची,
ज्यांवर देव बसणार नाही,
बसेल पाटणीपुऱ्याची एखादी मुलगी
वेणी मागे टाकून,
डाव्या करंगळीत जोर नाही म्हणून रडकुंडीला आलेली.

रामबागेत जिन्याखाली नानांची इन्स्टिट्यूट होती.
अकरा बाय नऊची खोली, आठ मशीनं,
पाच इंग्रजी, तीन हिंदी.
आता फुटाचा इंच केला
की सगळी जेवणाच्या टेबलाच्या एका कोपऱ्यात मावते.
सुनेत्रा ताटं सरकवून घेते.
म्हणते, "चष्म्याचा नंबर तेवढा वाढतोय तुमचा."

जेल रोडवर एक पोरगा
चिमट्यानं तांदळाएवढा दिवा उचलून दाखवतो.
"तीन व्होल्ट से ऊपर मत देना भिया, फुंक जाएगा."
पिवळा आहे? आहे.
पण आमच्या बल्बावर माश्यांनी ठिपके दिले होते.
ते कुठल्या दुकानात मागायचे?

बोहरा बाजारात मुर्तझाभाई
मेलेल्या घड्याळांची काडेपेटी माझ्यासमोर ओततात.
चाकं निवडताना मी श्वास धरून ठेवतो.
फितीच्या रिळांना सोळा हवीत,
पंधरा मिळतात.
"ये भी ले जाओ," म्हणून ते तारखांची चकती देतात,
एक ते एकतीस, मुंगीच्या अक्षरात.
ती मी भिंतीत बसवलीय, पुढे एक चौकोनी भोक,
भोकात सात.
सातच्या आत फी. नाना कुणाला बोलायचे नाहीत,
फक्त कॅलेंडरकडे बघायचे.

घंटीचंच अडलं होतं.
ओळ संपली की वाजते ती.
शेवटी ठाकुरजींच्या पैंजणाचा एक घुंगरू घेतला,
मोहरीपेक्षा जरा मोठा,
हातात धरून हलवला
तर केवढ्यानं वाजला.
बाजूच्या बाईनं वळून बघितलं.
आवाज बारानं भागता येत नाही,
हे मला इतक्या उशिरा कळलं.

आता राहिलीय पाटी.
मूळ पाटी एका पेंटरनं रंगवली होती, त्याला मराठी येत नव्हतं.
'मुलावकर टाइपिंग इन्स्टिट्यूट.'
आम्ही मुळावकर.
नाना म्हणाले, राहू दे, हिंदी मशीनवर तरी ळ कुठाय.
मराठी पत्र टाइप करायचे तेव्हा
त्या जागी दांडी दाबून रिकामं घर सोडायचे,
कागद काढला की शाईच्या पेनानं
एकेक ळ भरत बसायचे,
जिभेचं टोक ओठांत धरून.
पाटी मात्र एकतीस वर्षं तशीच टांगलेली.

तर माझ्यापुढे पावणेदोन इंचांची पट्टी आहे,
पांढरा रंग वाळलाय.
जसं होतं तसं करायचं ठरवलंय मी,
दाराची तुटकी कडीसुद्धा तुटकीच केलीय.
मग चूकही मापात यायला हवी.
'मु' झालं. 'वकर' झालं.

मध्ये एका अक्षराची जागा सोडून
ब्रश धुऊन ठेवला.
खजुरी बाजारातल्या स्टेशनरीवाल्याकडे
गुरुवारी माल येतो.
तीन शून्यांचा ब्रश आण म्हणून सांगून ठेवलंय.
"इतना बारीक?" तो म्हणाला. "बनाना क्या है?"
मी म्हटलं, अजून नक्की नाही.